पाद्रीणबाईंची दाढ

३ जानेवारी १९६३, गुरुवार

ही वही कोरिनने नाताळात दिली. चौदा वर्षांची मुलगी आईला कोरी वही देते, याचा अर्थ मला तरी एकच लागतो: माझं डोकं खाऊ नकोस, इथे लिही. लिहिते.

आज सकाळी पेपरात नवऱ्याचं नाव वाचलं. अकरा मेथडिस्ट पाद्र्यांनी मिळून एक पत्र छापून आणलंय. देवाच्या घराचं दार गोऱ्या-काळ्या सगळ्यांना उघडं असावं आणि काळी मुलं येऊन बसतील या भीतीने सरकारी शाळा बंद करू नयेत, असा मजकूर. खाली सातवं नाव रेव्हरंड लॉवेल टिसडेल, हॅलम, मिसिसिपी. हॅलममध्ये या नावाचा दुसरा माणूस नाही, नाहीतर मी त्याच्यावर ढकललं असतं.

मला आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. म्हणाला, तू काळजी करत बसली असतीस. आता मी काय करणार आहे असं त्याला वाटतं कोण जाणे.

पत्र चांगलं आहे. तिसरा परिच्छेद लॉवेलचा, कारण त्यातलं वाक्य सुरू कुठे झालं ते संपेपर्यंत आठवत नाही. माझं स्वतःचं मत काय? खरं लिहायचं तर या विषयावर मी कधी विचारच केलेला नाही. बेचाळीस वर्षं मिसिसिपीत काढली, तेव्हा विचार न करण्याचा सराव चांगला झालाय.

मला सध्या दाढेचं पडलंय. डॉ. पेग्रमने सोमवारी ती कोरली आणि वर तात्पुरतं सिमेंट थापलं. पुढच्या मंगळवारी चांदी भरणार आहे. हार्लन पेग्रम हा गावातला गोऱ्यांचा एकुलता एक दंतवैद्य आणि आमच्या चर्चच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष. दोन्हीकडे हात जड.

६ जानेवारी, रविवार

लॉवेल प्रवचनाला उभा राहिला आणि बाकं रिकामी व्हायला लागली. आरडाओरडा कोणी केला नाही. हॅट शोधत, पोरांना कोट चढवत, शेजारच्याला "जरा पाय घ्या हं" म्हणत निघाले. आमच्याकडची माणसं वाळीत टाकतानासुद्धा शिष्टाचार सोडत नाहीत. पेग्रम सर्वांत शेवटी उठला, कारण दार धरून उभं राहायचं काम त्याचं.

ऑर्गनवर मिस लूडी पॅरम होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, गावातल्या निम्म्या लोकांना पियानो त्यांनीच शिकवला. थांबावं की वाजवावं हे त्यांना कळेना, म्हणून त्या वाजवत राहिल्या. चार कडव्यांचं भजन नऊ कडव्यांचं झालं. लॉवेल तेवढा वेळ हात वर करून उभा.

घरी आल्यावर विचारतो, प्रवचन कसं झालं? मी म्हटलं, जे उरले होते त्यांना तर जायला जागा नव्हती. रुसला.

८ जानेवारी, मंगळवार

ठरल्या वेळी दवाखान्यात गेले. पेग्रमच्या मदतनीस बाईने वही उघडली, मिटली आणि म्हणाली की जूनपर्यंत एकही वेळ शिल्लक नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत उपचाराच्या खुर्चीत पेग्रम स्वतःच पाय पसरून पेपर वाचत बसला होता. माझ्याकडे बघून त्याने पान उलटलं.

पाद्री नवऱ्याने सही केली, मान्य. दाढेने कुठे केली होती?

११ जानेवारी, शुक्रवार

फोन येतात. बहुतेक जण नाव सांगत नाहीत, पण पाच वर्षं या लोकांबरोबर चर्चच्या पंगतीत जेवतेय. नाव न सांगता बोलणाऱ्याचा घसा मला पाठ आहे. आज कोरिनने फोन उचलला. पलीकडचा माणूस बरंच काही बोलला. ती म्हणाली, "हो मिस्टर डॉस, बाबांना निरोप देते. तुमची जर्सी गाय व्याली का?" फोन बंद. हे सगळं ती भूगोलाचं पुस्तक पुढ्यात ठेवून करत होती.

शाळेत मुलींनी तिच्यापासून बाकं लांब सरकवली आहेत. आता पाय पसरायला जागा मिळते, असं तिने सांगितलं. रात्री तिची उशी उलटी करून ठेवली होती, ओली बाजू खाली.

१५ जानेवारी, मंगळवार

मक्याच्या पावाच्या पहिल्याच घासाला सिमेंट निघालं. ते बाहेर पडलं असतं तर पुरावा तरी राहिला असता, मी गिळलं.

यापुढे काय लिहावं? दाढ नाही, डोक्यात कोणीतरी रेल्वेचे रूळ ठोकतंय. लॉवेलने धीर दिला. बायबलातल्या ईयोबाने किती सोसलं ते सांगितलं. मी म्हटलं, ईयोबाला गळवं झाली होती, दाढ दुखली असती तर त्याने पहिल्याच दिवशी देवाला चार शब्द सुनावले असते.

शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरला फोन केला. टिसडेल म्हटल्यावर तोही जूनवर गेला. दाताच्या डॉक्टरांची जून महिन्यावर बरीच मदार दिसते.

१७ जानेवारी, गुरुवार

आज डॉ. गॅडिसकडे गेले.

डॉ. थेरॉन गॅडिसचा दवाखाना रेल्वे स्टेशनपलीकडे, काळ्यांच्या वस्तीत. तिथल्या पाटीसमोरून मी शेकडो वेळा गाडी नेली असेन. दोन रात्री झोप नव्हती, गाल पावासारखा फुगलेला. तरातरा पुढच्या दारातून आत शिरले. आठ माणसं बसली होती. बोलणं थांबलं. एका म्हातारबुवांनी तर डोळेच मिटून घेतले.

टेबलापाशी डॉक्टरांची बायको बसते, मिसेस अर्नेस्टीन गॅडिस. त्यांनी माझा गाल पाहिला, मग माझ्यामागे पाहिलं.

"मिस्टर कुठे आहेत तुमचे?"

मी म्हटलं, दाढ माझी आहे.

"ते दिसतंय. त्यांना घेऊन या, मग बघू."

मला राग आला. मी काय बालवाडीत आहे? पण राग आला की दाढ जास्त ठणकते, म्हणून गाडी फिरवली आणि लॉवेलला अर्ध्या लिहिलेल्या प्रवचनावरून उठवून आणलं.

त्यानंतरचा प्रकार मोठा अजब. डॉक्टरांनी मधलं दार सताड उघडं ठेवायला लावलं. बाहेरची आठही माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. लॉवेलला खुर्ची दिली, ती माझ्या पायाशी. मिसेस गॅडिस डोक्याशी उभ्या. जानेवारीचा वारा थेट आत. दार लावा म्हणून मी हाताने खुणावलं तर कोणी हललं नाही. डॉक्टर उंच, हळू हालचालींचे. हातातली प्रत्येक गोष्ट ते मोठ्याने सांगत होते, अगदी बाहेर ऐकू जाईल असं: आता आरसा घालतो. आता सुई देतो. आता माझा हात तुमच्या हनुवटीखाली आहे. रेडिओवर सामना सांगतात तसं. बोलका माणूस असावा. एरवी एकच वाक्य माझ्याशी बोलले: दुखलं तर डावा हात वर करा.

करावा लागला नाही. जन्मात पहिल्यांदा. आत औषध भरलंय; सूज उतरली की चांदी, चार आठवड्यांनी.

येताना लॉवेल सारखा आरशात मागचा रस्ता बघत होता. मी म्हटलं, दाढ माझी आणि घाबरतोस तू?

२१ जानेवारी, सोमवार

आता समजलं की दार उघडं का होतं.

लॉवेल इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला गेला होता. शेरीफ आणि पेग्रम आले. मी त्यांना कॉफी विचारली. पाद्रीण झाल्यापासून दारात उभ्या राहणाऱ्या कुणालाही मी कॉफी विचारते, ही एक सवय आहे. शेरीफने खिशातून टाईप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. गुरुवारी भूल दिलेल्या अवस्थेत डॉक्टर थेरॉन गॅडिस यांनी माझ्याशी गैरवर्तन केलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या सहीसाठी रेघ. 'डॉक्टर' शब्दावर पेनने काट मारली होती.

शेरीफ अगदी मऊ बोलत होता. तुम्ही आजारी होतात बाई, तुम्हाला आठवत नसेल. पेग्रम म्हणाला, सही झाली की गावाला कळेल पाद्रीणबाई आपल्याच आहेत, मंडळही मग ब्रदर टिसडेलांकडे मोठ्या मनाने पाहील. कोरिनलाही शाळेत सोपं जाईल.

हे लिहायचं नव्हतं, पण ही वही माझी आहे. कोरिनचं नाव त्याने घेतलं तेव्हा मी त्या रेघेकडे पाहिलं. कॉफी उकळून वर येईपर्यंत पाहत होते. मग भांडं उतरवायला उठले आणि माझ्या हनुवटीखाली तो हात आठवला. किती अलगद धरला होता. इतका अलगद का, हेही तेव्हाच कळलं. असल्या कागदानंतर काय होतं ते आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. खटल्यापर्यंतसुद्धा गोष्ट जात नाही, त्याआधीच रात्री जमाव दोर घेऊन येतो.

मी म्हटलं, "त्यांनी माझ्या दाढेशी वर्तन केलं. आठ माणसं, एक नवरा आणि एक बायको बघत होती. दाढ साक्षीला हवी असेल तर तीही येईल."

कॉफी दिलीच नाही. सवय सुटू शकते तर.

जाताना पेग्रमने सांगितलं, सही नाही तर नाही. काळ्या डॉक्टरने गोऱ्या बाईला हात लावला एवढी तक्रार राज्याच्या दंतमंडळाकडे पुरेशी आहे. दवाखाना बंद करायला तेवढं चालतं.

लॉवेल आल्यावर सगळं सांगितलं. तो जमिनीवरच बसला, स्वयंपाकघरात, कोटासकट. म्हणाला, त्या दिवशी मला हे माहीत होतं नेडीन, आणि तरीही तुला खुर्चीत बसू दिलं, कारण तुला दुखत होतं. मी त्याच्या शेजारी बसले. जेवण करपलं.

२३ जानेवारी, बुधवार

गॅडिसांना सांगायला हवं होतं. बुधवारी दुपारी गावातली दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पुढचं दार बंद, म्हणून मागच्या अंगणात गेले. मागच्या उंच लाकडी पायऱ्यांवरून डोक्याला रुमाल गुंडाळलेली एक बाई उतरली. मला बघून तिने रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला. पण तो फरचा कोट हॅलममध्ये एकीकडेच आहे, बँकेच्या मॅनेजरीणबाईंकडे.

मिसेस गॅडिस दारात उभ्या होत्या. मी जे काही सांगितलं ते त्यांना आधीच माहीत होतं. मी त्या कोटाकडे बोट दाखवलं.

"बुधवारची माणसं," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं येतात. पेग्रमच्या हातून एकदा दात काढून घेतला की दुसऱ्यांदा इथे येतात. मागच्या दाराने, बुधवारी. पुढच्या दाराने आलेल्या तुम्ही पहिल्या."

मी म्हटलं, मला कल्पना नव्हती.

"तेच तर. तुम्हाला कल्पना नसते आणि आम्हाला झोप नसते."

मला वाटलं होतं की मी सही केली नाही म्हणून त्या आभार मानतील. तसं वाटलं होतं, लिहून ठेवते. कोणी खोटं बोललं नाही म्हणून त्याचे आभार मानायचे असतात का, हे परत येताना गाडीत सुचलं. निघण्याआधी कोण कोण येतं हेही मी विचारलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

२७ जानेवारी, रविवार

आज प्रार्थनेत मन लागलं नाही, कारण मी दात बघत होते. प्रवचनाला उठून जाणारेसुद्धा भजनाला थांबतात आणि तोंडं उघडतात, ही फार सोयीची पद्धत आहे. पेग्रमचं काम ओळखू येतं, चिखलात वीट बसवल्यासारखं. पण तिसऱ्या रांगेत एक चांदी चमकली, कडा अशी की सोनाराने बसवावी. पाचव्या रांगेत दोन. वर्गणीचं ताट फिरवणाऱ्या डॉसच्या तोंडात तर तीन, आणि फोनवर तोंड किती घाण.

मग पेग्रमने स्वतः "आमेन" म्हटलं आणि मला मागच्या बाजूची त्याची एक दाढ दिसली. सुबक. माणूस स्वतःची दाढ स्वतः भरू शकत नाही. आरसा धरला तरी नाही.

दारात हस्तांदोलनाला त्याच्यासमोर थांबले. आसपास कोणी नाही असं बघून हळूच म्हटलं, "हार्लन, तुमची ती डावीकडची दाढ फार छान भरलीय. कोणाचं काम?"

त्याने तोंड मिटलं. ते मिटलेलंच राहिलं. मी खडा मारून पाहिला होता. तो राजधानीतल्या, जॅक्सनच्या एखाद्या डॉक्टरचं नाव फेकू शकला असता आणि मी तोंडघशी पडले असते. कान मात्र लाल झाले.

म्हटलं, राज्याच्या मंडळाने चौकशी केली तर पेशंटांची यादी मागतील, नाही का?

लॉवेलला घरी सांगितलं. धमकी देणं ख्रिस्ती आचरणात बसत नाही, असं तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कान किती लाल झाले?" असंही विचारलं.

२ फेब्रुवारी, शनिवार

तक्रार गेली नाही. मी फुशारकी मारत गॅडिसांकडे बातमी द्यायला गेले, लॉवेलला बरोबर घेऊन, एवढं शिकलेय आता. दवाखान्याच्या पुढच्या खिडकीला काच नव्हती, फळ्या ठोकल्या होत्या. गुरुवारी कोणीतरी वीट टाकली. मिसेस गॅडिस झाडत होत्या. मी पेग्रमच्या दाढेची गोष्ट रंगवून सांगायला लागले. त्यांनी झाडू थांबवला.

"कोणी सांगितलं तुम्हाला बोलायला?"

मी म्हटलं, मी तर मदतच—

"एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्याने तोंड मिटून ठेवलंय. त्या माणसांची लाज आमच्याकडे जपून होती, म्हणून आमच्या डोक्यावर छप्पर होतं. या बुधवारी एकही आला नाही. आता त्यांना वाटतंय की आम्ही बोललो. लाजलेला गोरा माणूस परवडतो हो, घाबरलेला नाही परवडत."

डॉक्टर आतून बाहेर आले होते. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला सूज उतरली का विचारलं. उतरली होती. मला रडू आलं तेही चुकीच्या ठिकाणी, कारण त्यांच्यापुढे रडले की समजूत काढायचं कामही त्यांच्याच गळ्यात. लॉवेलने झाडू घेतला आणि उरलेल्या काचा गोळा केल्या. प्रवचन दिलं नाही. मला वाटतं, लग्नानंतर मी त्याच्यावर इतकी खूश कधीच झाले नव्हते.

१० फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या मंडळाने मत घेतलं. लॉवेल नको, असं ठरलं. बिशपने उत्तरेकडच्या इंडियाना राज्यातलं एक चर्च सुचवलंय. अकरातले सात जण आधीच राज्य सोडून गेलेत. इंडियानात म्हणे सगळे आपल्यासारखेच विचार करतात. मग तिथे पाद्री कशाला हवाय, हे कोरिनने विचारलं. महिनाअखेर निघायचं.

महिला मंडळाच्या दोघी येऊन पाद्र्याच्या घरातले पडदे आणि चमचे यादीशी ताडून गेल्या. एक लोणच्याचा काटा कमी भरला. मी म्हटलं, तो मी गिळला, सिमेंटबरोबर.

मला जायचंय का? पाच वर्षं या गावाला नावं ठेवली. पाणी गंजकं, माणसं गोड. आणि आता खोकी भरताना हात चालत नाहीत. आम्हाला इंडियाना आहे. गॅडिसांना फळ्या ठोकलेली खिडकी आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

दाढेची शेवटची खेप. लॉवेल बरोबर. काच अजून बसलेली नाही, आत दिवा लावून काम चालतं. मी पुढच्या दाराने गेले, कारण आता मागच्या दाराने गेले असते तर तेही वाईट दिसलं असतं.

बाकावर सात माणसं होती, आणि भिंतीच्या टोकाला मिस लूडी पॅरम.

रविवारची निळी हॅट, हातमोजे, गालाला रुमाल. मला आधी वाटलं, वय झालं, चुकून शिरल्या. मिसेस गॅडिसही टेबलामागे उभ्याच होत्या. त्या पुढे झाल्या, वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की मागचं दार उघडं आहे.

"ठाऊक आहे मला," मिस लूडी म्हणाल्या. "सतरा वर्षं चढतेय त्या पायऱ्या. गुडघे नाही राहिले आता."

"आज बुधवारही नाही, मिस लूडी."

"दाढेला कॅलेंडर कळत नाही."

मिसेस गॅडिस टेबलाशी जाऊन बसल्या, वही उघडली आणि पेन उचललं.

"नाव?"

"लूडी पॅरम."

ते त्यांनी पूर्ण लिहिलं. "मिस पॅरम, तुमच्या आधी आठ जण आहेत. थांबावं लागेल."

मिस लूडींनी पर्स मांडीवर घेतली. शेजारच्या माणसाने आपला जेवणाचा डबा बाकावरून उचलून पायाशी ठेवला आणि चार बोटं सरकून त्यांना नीट बसायला जागा केली. त्यांनी मान हलवली. त्यानेही हलवली. तो भिंतीकडे बघत होता, त्या फळ्यांकडे.

माझी वेळ आधीच ठरलेली, म्हणून माझं नाव पहिलं आलं, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, मिस लूडी, तुम्ही जा आधी, तुमचं वय आहे.

"तू जा आत, नेडीन," त्या म्हणाल्या. "मला माझ्या नंबरावर बसू दे."

मी आत गेले. डॉक्टरांनी मधलं दार उघडं ठेवलं. खुर्चीतून थेट बाहेरचा बाक दिसत होता, आठही जणांचा.